कोमट पाणी

पोहण्याच्या पोशाखाचा खांद्यावरचा ओला पट्टा खाली ओढताना डाव्या हाताचं बोट कशाला तरी अडखळलं आणि पारखीण न्हाणीघरात तशीच उभी राहिली. केवढं ते, मोहरीएवढं. दुसरं कुणी असतं तर पट्टा ओढून मोकळं झालं असतं. पण बोट अडखळलं की पुढे सरकायचं नाही, ही तिची उभ्या जन्माची खोड. तिने बोट मागे नेलं, सावकाश पुन्हा पुढे आणलं. एक पुटकुळी. तिला लागून दुसरी. मग जरा मोकळी जागा आणि पुन्हा दोन-चार, पट्ट्याच्या कडेकडेने थेट काखेपर्यंत. दाबलं की हुळहुळायचं, बोट उचललं की खाज सुटायची. आणि तिला वाटलं काय, तर भीती नाही. आधी चक्क आनंद झाला. कारण हे शोधून काढलं होतं डाव्या हाताने.

चामड्याच्या कारखान्यात तिने सारी हयात कातडी पारखण्यात घालवली होती, आणि तिथे नाव असायचं ते उजव्या हाताचं. कमावलेलं कातडं टेबलावर पसरायचं, डाव्याने कड धरून ताणायचं आणि उजव्याचा तळवा सावकाश फिरवत न्यायचा. कुठलं पिशवीच्या दर्शनी भागाला, कुठलं आतल्या कप्प्याला, कुठलं नुसत्या पट्ट्यांना, हे ती डोळे मिटून सांगायची. लोकांना कातडं म्हणजे एक सपाट वस्तू वाटते. तिला ते केसांच्या भोकांनी भरलेलं दिसायचं. म्हशीची भोकं मोठी आणि विरळ, शेळीची बारीक आणि रांगेने, डुकराची तीन-तीनच्या घोळक्यात. केस कधीचा गेलेला असायचा, पण त्याचं घर तसंच दार उघडं टाकून बसलेलं. जनावराला कधी काळी केसतूड होऊन चिघळलेलं असेल तर त्या जागी एक खळगा राहायचा. कमावून, रंगवून, घोटूनही तो जायचा नाही. त्याच्याभोवती ती खडूने गोल काढायची आणि कातडं बाजूला सारायची. बाईंनी गोल काढला की मालकसुद्धा पुसत नाही, असं कारखान्यात म्हणायचे, आणि ते तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. मग मागच्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू एका सकाळी संपावर गेली आणि तो नावाजलेला हात मांडीवर पाहुण्यासारखा पडून राहू लागला. सगळा कारभार आला डाव्यावर, ज्याला जन्मभर फक्त कड धरायची सवय. बटणं लावताना, घास उचलताना तिने त्याला किती शिव्या घातल्या असतील. आणि आज तोच गडी कुणी न सांगता थबकला होता. शिकला मेला, ती मनात म्हणाली, आणि तिला हसू आलं.

हसू टिकलं नाही. दिव्याखाली आरशात वळून पाहिलं तेव्हा सगळंच दिसलं. प्रत्येक पुटकुळीचा तळ लाल, टोकाला पांढुरका ठिपका आणि त्या ठिपक्यातून बरोबर मधोमध निघालेला एक केस. अंगावर इतके केस आहेत हे तिला या वयात कळत होतं. दुसऱ्यांची कातडी चाचपण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या कातड्याकडे अंघोळीपुरतंही लक्ष दिलं नाही. पट्टा पूर्ण उतरवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुरळ वाटेल तसं पसरलेलं नाही. खांद्यावरून, काखेखालून, पाठीच्या खोलगट भागावरून, खाली मांडीच्या कडेपर्यंत, जिथे जिथे पोहण्याचा पोशाख अंगाला चिकटून होता तिथे तिथेच ते होतं. जिथे कापड नव्हतं तिथलं अंग साफ. कापायच्या आधी कातडं आखून ठेवतात तशी ती आखली गेली होती. आखणी वाचता येणाऱ्या बाईला यातलं काही समजावून सांगायला नको होतं. हे पाण्यातून आलेलं होतं. हौदाच्या पाण्यातून. आणि हे आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला फार मनापासून वाटलं.

कारण तो हौद होता म्हणून ती होती. लुळ्या-पांगळ्यांना व्यायाम शिकवणाऱ्या त्या जुन्या इमारतीत, लांब बोळाच्या शेवटी, छातीइतक्या पाण्याची ती खोली. पहिल्या दिवशी दोघांनी धरून तिला पायऱ्यांवरून उतरवलं तेव्हा तिने डोळे गच्च मिटले होते. मग पाणी कमरेच्या वर आलं आणि तो उजवा पाय, जो जमिनीवर ओल्या गोणीसारखा मागून फरफटत यायचा, तो आपणहून उचलला गेला. तिने पुढे म्हटलं, तो पुढे गेला. तिथे घळघळा रडायचं तर तोंड धुतल्याचं निमित्तही होतं. आणि तिच्यासमोर, पाठ भिंतीकडे करून, उलटं चालत होते पाणीवाले. त्यांचं काम खरं तर पाणी भरणं, गाळणं, त्यात औषध घालणं, फरशा घासणं एवढंच. पण व्यायामाच्या बाई एक आणि चालणारे अनेक, तेव्हा हे गृहस्थ आपणहून पाण्यात उतरायचे. दोन्ही हात पसरलेले, तिच्या कोपरांपासून वीतभर दूर. त्या हातांनी तिला कधीच धरलं नाही. ती कलली की ते हातही कलायचे, सावरली की मागे व्हायचे. असं न धरता सांभाळणं तिने आयुष्यात दुसऱ्या कुणाजवळ पाहिलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःजवळही नाही. मुलाला चालायला शिकवताना तिने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सासूबाई ओरडल्या होत्या.

पाणीवाल्यांना अभिमान होता नाकाचा. सकाळी, अजून कुणी उतरलेलं नसताना, ते काचेच्या बारक्या नळीत हौदाचं पाणी घ्यायचे, त्यात पुडीतली चिमूट टाकायचे आणि नळी खिडकीच्या उजेडात धरायचे. पाणी गुलाबी झालं म्हणजे क्लोरीन पुरेसं आहे, पाणी शाबूत आहे. हे झालं सकाळचं. दुपारी मात्र ते नळीला हात लावत नसत. दुपारी दार उघडलं की बोळात उग्र वास भपकन यायचा, डोळे चुरचुरायचे, आणि हे छाती भरून घ्यायचे. "आला ना वास? म्हणजे औषध कामाला लागलंय," ते म्हणायचे, आणि दुपारची सगळी मंडळी खूष व्हायची. साफसफाईचा वास कुणाला आवडत नाही. पारखीणही मान डोलवायची. हाताची कमाई खाल्लेल्या बाईला नाकाची कमाई खाणारा माणूस भेटला, तिला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही. त्यात थंडी पडली तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "पाणी गार लागतं हो. पाय आखडतो." सहज म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी पाणी छान कोमट. पाणीवाल्यांनी कुणाला न विचारता पाणी तापवायच्या यंत्राचा काटा वर सरकवला होता. "बोलू नका कुठे," ते उलटं चालता चालता हळूच म्हणाले. तिला त्या दिवशी घरी जाईपर्यंत ऊब पुरली. आपल्या शब्दाखातर कुणी काही बदलावं, असं खडू सुटल्यापासून पहिल्यांदाच घडलं होतं.

तो काटाच आता तिच्या डोळ्यांपुढे येत राहिला. दिवाणखान्यात सून इस्त्री करत होती, वाफेचा उबट वास येत होता, आणि पारखीण सैल झगा घालून खिडकीपाशी बसली तरी पाठ खाजत होती. सांगायला काय हरकत होती? कुणी मारणार नव्हतं. पण त्याच इमारतीत लहान मुलांसाठी एक दुसरा हौद होता. गळतोय म्हणून थोडे दिवस बंद केला. आता तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवतात. इमारतीच्या साहेबांना हा हौदही डोईजड होताच, गरम पाणी म्हणजे खर्च, त्यांना निमित्तच हवं होतं. आणि निमित्त तिच्या पाठीवर उमटलं होतं. तिने ठरवलं, साबण बदलल्याने झालं असेल. हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. सोयीचं असलं की मन चटकन पटवून घेतं.

सुनेला मात्र पटलं नाही. पाठीला तेल लावायला बसली तेव्हा तिने दिवा जवळ ओढला. "आई, हे काय?"

"साबण."

"साबण पट्ट्यापट्ट्यांनी लावता का तुम्ही?" सून म्हणाली. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली, हात धुऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सासूला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लेकीसारख्या. त्यांनी भिंगाचा दिवा पुढे ओढला आणि एकदम गप्प झाल्या. ती शांतता पारखिणीच्या ओळखीची होती. आता या बाईला बाहेरचा आवाज ऐकू येत नसणार, आता ती खांद्यावरून काखेकडे, काखेतून पाठीकडे, एकही जागा न सोडता जाणार. एके ठिकाणी डॉक्टरीणबाईंचं बोट थबकलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. पारखिणीने डोळे मिटले. पारखणारीचं बोट पारखलेल्या अंगाला कसं लागतं हे तिला ठाऊकच नव्हतं; जनावरं काही सांगायला आली नव्हती. मग पाठीवर काहीतरी गार फिरलं. "सगळ्यात मोठीभोवती पेनाने गोल काढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाली रेघेच्या बाहेर गेली तर कळवा." पारखीण इतकी हसली की सून दचकली.

"हसायला काय झालं, आई?"

"काही नाही गं. मला बाजूला काढलं."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या, आणि मग त्यांनी हातात कागद घेऊन चित्र काढून सांगितलं. प्रत्येक केस एका बारीक पिशवीत रुजलेला असतो. पिशवीचं तोंड कातडीवर उघडतं, तिथून तेल पाझरतं, केस वर येतो. अंग ओलं आणि उबदार राहिलं, वरून घट्ट कापडाने घासलं गेलं, की जंतू त्या तोंडातून आत उतरतात. मग शरीर आपली माणसं तिकडे धाडतं, त्यांची आत मारामारी होते, तिथे लाली, सूज, पू. पारखीण कागदाकडे बघत राहिली. ती ज्या भोकांवरून उभा जन्म हात फिरवत आली ती ओस पडलेली घरं होती. हे घर नांदतं होतं. आत रुजणं होतं, तेलपाणी होतं, चोर शिरला तर धावून येणारं माणूस होतं. तिला त्या कागदावरच्या वेड्यावाकड्या पिशवीचं अपार कौतुक वाटलं. अशा किती पिशव्या आपण अंगावर वागवतो आणि एकीचीही विचारपूस करत नाही.

"दाबायचं नाही, फोडायचं नाही, घासायचं नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून शेक घ्या, दिवसातून तीन-चारदा. सैल सुती कपडे. टॉवेल तुमचा तुम्हालाच. बहुतेक आपलं आपण जाईल. ताप आला किंवा ठणका लागला तर मात्र थांबायचं नाही. पोहायला जाता का कुठे? गरम पाण्याचा तलाव वगैरे?"

"नाही," पारखीण म्हणाली.

सून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "बरं. विचारलं अशासाठी, की पाण्यातून आलं असेल तर ते एकट्याला नसतं. तुमचं बरं होईल. पण त्याच पाण्यात कुणी साखरेचा पेशंट असला तर त्याला जड जातं. आणि कारण तिथेच राहिलं तर हे परत येतं."

जिन्यावर सुनेने नेहमीसारखा हात पुढे केला. दोघी चार पायऱ्या उतरल्या. मग सून म्हणाली, "नाही म्हणालात."

"ऐकलं मी."

"मी मध्ये बोलले नाही, आई. पण मला ते आवडलं नाही." एवढंच. पुढे रिक्षात तिने भाजीचं विचारलं, घरी आल्यावर मऊ जुन्या चादरीची फडकी फाडली, पाणी कोमट केलं आणि एकेक फडकं पिळून सासूच्या पाठीवर ठेवत गेली. त्या उबेत पारखिणीला पेंग येत होती आणि लाज वाटत होती, दोन्ही एकदम. दुखणं आणलं कोमट पाण्याने आणि उतरवत होतं तेही कोमट पाणीच. मात्र हे पाणी ताजं होतं, दर खेपेला नवं, आणि ते बदलणारी बाई रागावलेली असूनही फडकं ठेवताना फुंकर घालून बघत होती की चटका तर बसणार नाही.

पुटकुळ्या खरंच बसल्या. हौद तिने सोडला नव्हता, फक्त आता उगीच ओल्या पोशाखावर झगा चढवून घरी येणं बंद केलं, तिथेच बदलून यायची. एका हाताने तो चिकटलेला पोशाख सोलायला वेळ लागायचा आणि कुणाची मदत मागायची तिला चीड, म्हणून इतके दिवस ती तशीच यायची. तिच्या अंगावर इतकं उठलं ते त्यामुळे. पेनाचा गोल पुसट झाला तेव्हा तिने डावं बोट तिथे फिरवलं. काही नाही. खळगा नाही, चरा नाही, बोट सरळ निघून गेलं. तिने पुन्हा फिरवलं. टेबलावरच्या कातड्यात खोट राहायची ती कायमची राहायची, त्यावरच तर तिचं पोट होतं. हे जिवंत कातडं मात्र भांडण मिटवून, सडा घालून, काही झालंच नाही अशा थाटात बसलं होतं. तिला भरून आलं. गेल्या वर्षापासून आपल्या अंगाने आपला विश्वासघात केला म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि हे बिचारं पाठीमागे आपलं काम करत राहिलं होतं. पण चार दिवसांनी कमरेपाशी नव्या उठल्या. तेव्हा साबणाची गोष्ट तिची तिलाच सांगता येईना. उद्या सांगू, ती म्हणाली. व्यायामाच्या बाई सुटीवरून आल्या की सांगू. थंडी कमी झाली की काटा आपोआप खाली येईल, मग सांगायची गरजच नाही. रोज दुपारी ती त्या उग्र वासात उतरायची, पाय हलका व्हायचा, आणि पलीकडच्या दांडीला धरून मास्तर गुडघे उचलत असायचे.

मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवलेले गृहस्थ. खुबा मोडला होता, आवाज शाबूत होता. स्वतःलाच मोठ्याने हुकूम सोडत ते चालायचे आणि मधुमेहाचं कौतुक सांगायचे. "माझ्याजवळ येऊ नका कुणी, मुंग्या लागतील," हा त्यांचा ठरलेला विनोद. पूर्वी पारखीण त्यावर हसायची. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून तिला ते ऐकवेना. तो विनोद झाला की ती दुसरीकडे बघायची आणि पाणी कानापर्यंत येईल अशी वाकायची.

मग एका दुपारी पलीकडची दांडी रिकामी दिसली. पाणीवाले दार उघडून, छाती भरून वास घेऊन, टॉवेलांचा गठ्ठा ठेवता ठेवता म्हणाले, "मास्तरांचं कळलं का? मांडीला गळू झालं. काल दवाखान्यात कापलं म्हणे, तरी ताप हटत नाही. घरच्यांचा फोन होता. एवढा धडधाकट माणूस, कशाने झालं कुणास ठाऊक." आणि नेहमीसारखे पायऱ्या उतरून, तिच्याकडे तोंड करून, हात पसरून उभे राहिले.

पारखिणीला पायरी उतरवेना. पाण्याने एवढे दिवस तिचा पाय उचलला होता, आज तो पाय पायरीला खिळला. ते पसरलेले हात तिच्यासाठी थांबलेले, आणि त्या हातांना आपण काय देणार आहोत हे तिला दिसत होतं. या माणसाची नोकरी जाईल. हौदात खुर्च्या रचतील. आपला पाय पुन्हा गोणी होईल. तिने तिन्ही गोष्टी नीट पाहून घेतल्या, एकही डोळ्याआड केली नाही, आणि डाव्या हाताने कमरेपाशी झगा बाजूला करून पोशाखाची कड जराशी सारली.

"पाणीवाले, वर या. इथे बोट ठेवा."

"अहो बाई..."

"लाजताय कसले या वयात. पारखायला सांगतेय. ठेवा."

त्यांनी ओलं बोट घाबरत घाबरत टेकवलं. ते अडखळलं. पुढे सरकून पुन्हा अडखळलं. "पोशाखाची कड आहे ही," ती म्हणाली, "खांद्यावर होतं तेही पट्ट्याखाली होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं मला, मी खोटं बोलले. मास्तरांचं गळू याच पाण्याचं असणार."

पाणीवाल्यांनी बोट मागे घेतलं. "पाण्याचं कसं असेल? वास बघा ना तुम्ही. आहे की नाही वास?" ते म्हणाले. तिने झगा सावरला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि फळीवरून सकाळची नळी काढली. तिच्यात पाणी भरलं, चिमूट टाकली, खिडकीच्या उजेडात धरली. पाण्याला रंगच आला नाही. त्यांनी नळी हलवली. प्यायच्या पाण्यासारखं नितळ. दुसरी पुडी फोडून पुन्हा केलं, आणि तेव्हाही गुलाबीचा मागमूस नव्हता. दुपारभर माणसांच्या घामाशी झटून औषध केव्हाच संपलेलं होतं, आणि त्या झटापटीची घाण वासातून येत होती. इतकी वर्षं ते छाती भरून घेत होते ती संपलेल्या औषधाची वर्दी होती. कोमट पाण्यात तर ते आणखी लवकर संपत असणार. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या तोंडावरून ते सरकत गेलेलं तिला दिसलं.

"मीच म्हटलं होतं, पाणी गार लागतं," ती म्हणाली.

"सांगणं तुमचं काम होतं," पाणीवाले म्हणाले. "मोजणं माझं."

त्यांनी नळी धुऊन जागेवर ठेवली. बोळात जाऊन पाटी उलटी केली, दुपारच्या बाकीच्या मंडळींना दारातूनच परत पाठवलं, आणि भिंतीवरच्या फोनवरून साहेबांना कळवलं. ती बाकावर बसून ऐकत होती. "हो साहेब. नाही, पाण्याचंच आहे. तपासलं ना आत्ता. नाही, यंत्रात बिघाड नाही, मीच काटा वाढवला होता. हो. मीच." तिच्या नावाचा उल्लेखही नव्हता. आवाज चढला नाही की पडला नाही. तिच्या मनात आलं, कारखान्यात आपण एवढे गोल काढले, पण ते सगळे दुसऱ्यांच्या कातड्यावर. स्वतःभोवती खडू फिरवताना ज्याचा हात थरथरत नाही असा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. आणि तो असा चड्डीवर उभा होता, गुडघ्यांवरून पाणी ओघळत होतं.

घरी येऊन तिने सुनेला सांगितलं. सुनेने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मास्तरांच्या दवाखान्यात ताबडतोब कळायला हवं, कुठल्या पाण्यातून आलं ते समजलं की औषध बदलता येतं. सुनेने तिथेही फोन केला, पत्ता विचारत विचारत थेट वॉर्डापर्यंत पोचली. मग तिने पाणी कोमट केलं, फडकी आणली. त्या संध्याकाळी फडकं ठेवताना सुनेचा तळवा खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. औषध बदलल्यावर मास्तरांचा ताप उतरला. तापाची ग्लानी गेल्यावर त्यांनी पहिला हुकूम नर्सला सोडला, हे ऐकलं तेव्हा पारखीण जेवायची थांबली आणि तिने पदराने डोळे पुसले.

साहेबांनी पाणीवाल्यांना पुष्कळ सुनावलं, पण काढलं नाही. मास्तरांच्याच घरच्यांनी येऊन सांगितलं म्हणे, की यांनी लपवलं असतं तर आमचा माणूस गेला असता. तो हिशेब ऐकून पारखिणीला आत कुठेतरी टोचलं, कारण लपवलं होतं तिने. ते टोचणं तिने राहू दिलं. हौद उपसला, गाळणी बदलली, फरशा तीनदा घासल्या. इकडे तिच्या कमरेवरचं पुरळ शेकून शेकून बसलं आणि पाय दिवसेंदिवस जड झाला, तिला वाटलं होतं तसाच. मग पाणीवाल्यांचा निरोप आला, उद्या पाणी सोडणार, त्याआधी तळ बघून जा.

रिकाम्या हौदाच्या काठावर उभं राहून तिने खाली पाहिलं. एवढासा होता तो. पाणी असताना अथांग वाटायचा. वास कसलाच नव्हता. भिंतीवर नवीन पाटी होती, सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळी नळी, खाली पाणीवाल्यांची सही. "नाकाला सुट्टी दिली," ते म्हणाले, आणि कोरडी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, सवयीने, पायऱ्या उतरून तळाशी जाऊन उभे राहिले. तिच्याकडे तोंड. हात पसरलेले.

ती उतरली. दांडी डाव्या हातात होती. उजव्या पायाला तिने पुढे म्हटलं, तो आला नाही. पुन्हा म्हटलं. इथे उचलायला पाणी नव्हतं, जे काही होतं ते तिचं होतं. पाय घासत आला आणि फरशीवर खर्रर्र असा आवाज झाला. पाण्यात हा आवाज कधी आलाच नव्हता. तिथे आपण चालतोय असं तिला वाटायचं. खरं कोण चालत होतं ते आता ऐकू येत होतं. पाणीवाले एक पाऊल मागे सरले. ती एक पुढे गेली. खर्रर्र. तिने त्या आवाजाकडे कान लावला, आयुष्यभर तळव्याकडे लावायची तसा. कुठे घासतंय, टाचेला की चवड्याला? चवड्याला. मग पुढच्या खेपेला तिने चवडा उचलायचं मनावर घेतलं आणि आवाज किंचित तोकडा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी तोकडा. घाम तिच्या पाठीवरून वाहत होता, जिथे पुरळ होतं तिथून, आणि अंग तो आपला आपण बाहेर टाकत होतं. पलीकडच्या भिंतीला पाणीवाल्यांची पाठ टेकली तेव्हा ते थांबले. त्यांचे हात अजून पसरलेले होते, वीतभर दूर.

"बास बाई, दमलात. उद्यापासून आहेच पाणी. सकाळी सोडतो."

पारखिणीने वळून आपण आलो त्या कोरड्या फरशांकडे पाहिलं.

"एक दिवस उशिरा सोडा," ती म्हणाली.